जिममध्ये 12 पुलअप्स निघतात, पण रिंगवर पाच सेकंदही टिकत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 27, सोलापुरात भाड्याच्या खोलीत राहता, पट्ट्यांना टांगायच्या जिम्नॅस्टिक्सच्या लाकडी रिंग मागवल्यात. बारवर 12 पुलअप्स आणि 20 डिप्स (दोन बारवर हात टेकून अंग खाली-वर करणं) निघतात, पण रिंगवर हात सरळ करून अंग तोललं की सगळं शरीर थरथरतं. सहा महिन्यांत मसल-अप, म्हणजे रिंगखाली लटकून एका दमात ओढत रिंगच्या वर येणं, जमेल का, आणि रिंग खोलीतल्या पंख्याच्या हुकाला टांगू का, हेही विचारलंय.

आधी थरथरीचं सांगतो, कारण त्यामुळंच बरेच जण आठवड्याभरात रिंग काढून ठेवतात. डबल बार जमिनीत रोवलेला असतो, कसाही रेटा, जागचा हलत नाही. रिंग पट्ट्याला लोंबते आणि पट्टा ओढ सहन करतो ती फक्त स्वतःच्या रेषेत. जरा आडवा रेटा बसला की रिंग निघाली बाहेर. बारवर जे काम लोखंड करत होतं ते इथं खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंना, छातीला आणि पाठीला करावं लागतं, आणि या कामाची त्यांना सवयच नसते. मी चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली. तालमीत डबल बारवर 25 डिप्स सहज मारायचो. रिंगवर पहिल्या दिवशी चार सेकंद टिकलो.

माझं ऐकाल तर पहिले दोन-तीन महिने मुख्यतः सपोर्टला द्या. हात सरळ, अंग रिंगच्या वर तोललेलं, एवढंच. डिप्स थांबू द्यात, मसल-अप तर त्याहून नंतर.

सपोर्ट दिसायला सोपा आहे, म्हणून नीट सांगतो. रिंग कमरेच्या उंचीला, साधारण खांद्याएवढ्या अंतरावर बांधा. पाय जमिनीवरच राहू द्या. रिंग तळहाताच्या बुडाशी, मनगटाच्या जवळ आली पाहिजे. बोटांच्या मुळाशी धरली तर मनगट मागं मोडतं. कोपर पूर्ण सरळ करा. खांदे खाली दाबा, इतके की आरशात मान लांब दिसली पाहिजे. पोट आत, कुल्ले आवळलेले. आता पायांवरचं वजन हळूहळू काढून हातांवर घ्या. पूर्ण उचललं नाही तरी चालतं, पहिले दोन आठवडे पायाची बोटं टेकलेलीच असू द्यात. पट्टे दंडाला टेकले की एकदम सोपं वाटायला लागतं, पण मग तोल पट्टा सांभाळतो, तुम्ही नाही. हात पट्ट्यापासून सुटे ठेवा.

हे जमलं की रिंग बाहेर वळवायच्या. सुरुवातीला अंगठे समोर असतात, ते थोडे बाहेर न्यायचे, म्हणजे तळहात समोर बघायला लागतात आणि कोपराच्या आतली घडी पुढून दिसते. वळवताना कोपर हमखास वाकतं. आमच्या तालमीतले वस्ताद मल्लखांबातले, रिंग त्यांनी कुणाला कधी शिकवलेल्या नाहीत. पण ते समोर उभे राहायचे, माझ्या कोपराच्या घडीवर बोट ठेवायचे आणि बोटाखाली जराशी सुरकुती पडली की म्हणायचे, “उतर खाली.” मी कुरकुरलो की, “हात अजून थरथरायलेत बे, वर कुठं चाललास?” मल्लखांब असो की रिंग, सरळ हाताची शिस्त एकच असते हे मला तिथं कळलं.

मापही सांगतो. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक दिवशी दहा-दहा सेकंदांचे पाच-सहा सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती. साधा सपोर्ट 30 सेकंद टिकला की वळवलेल्या रिंगवर पुन्हा दहा सेकंदांपासून सुरू. तोही 30 पर्यंत गेला की मग डिप्स. त्याच दिवसांत बाकीचं थोडं थोडं करत राहा: पाय जमिनीवर टेकवून, अंग तिरकं ठेवून रिंग छातीकडं ओढणं, रिंगवर जोर, पुलअप्स, आणि त्यात हाताला हवं तसं वळू द्या, रिंगचा फायदाच तो आहे.

पट्ट्याच्या लांबीकडं सहसा कुणी लक्ष देत नाही, पण नवशिक्याला तिचा फार फरक पडतो. समजा वजन 70 किलो, म्हणजे एका हातावर 35. रिंग 10 सेंटीमीटर बाहेर सरकली आणि पट्टा 1 मीटरचा असेल, तर तिला परत आत खेचणारी ओढ साडेतीन किलोच्या आसपास असते. पट्टा अडीच मीटरचा असेल तर तीच ओढ 1.4 किलो. पट्टा जितका लांब तितकी रिंग बेभरवशाची. स्पर्धेत सांगाडा 5.80 मीटर उंच आणि रिंग जमिनीपासून 2.80 मीटरवर, म्हणजे वर तीन मीटर लोंबता भाग. तिथल्या खेळाडूंकडं बघताना हेही लक्षात ठेवा. तुम्ही मात्र उंच फांदीपेक्षा तालमीतल्या किंवा मैदानावरच्या सिंगल बारला बांधा, पट्टे आखूड होतील आणि पहिला महिना बराच सुसह्य जाईल.

आता माझी चूक. दुसऱ्याच महिन्यात, सपोर्ट जेमतेम 15 सेकंद टिकत असताना मी मसल-अपच्या मागं लागलो. रोज संध्याकाळी, कारखान्यातून सुटलो की थेट तालीम. तीन आठवड्यांनी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागला. मी दुर्लक्ष केलं. मग एक दिवस मागावर बीम (सुताचा जड रोल) चढवताना हातातली पकडच सुटली. दुसऱ्या बाजूनं धरणाऱ्यानं सावरलं म्हणून बरं. चार महिने रिंगला हात लावता आला नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेला रक्तपुरवठा कमी, ती महिन्यांच्या हिशोबानं बळकट होते. तुमच्यासारख्या 12 पुलअप्सवाल्याला हा धोका जास्त, कारण स्नायू हो म्हणतात आणि कोपर तयार नसतं. म्हणून कळकळीनं सांगतो: ठणका दुसऱ्या दिवशी सकाळीही राहिला तर त्या आठवड्यात सेट निम्मे करा. दोन आठवडे राहिला तर थांबा आणि दाखवून घ्या.

क्रॉसचंही तेच. आडवे हात पसरून लटकलेला माणूस व्हिडिओत बघून तालमीतली पोरं लगेच तसं करायला जातात. आर्मेनियाच्या अल्बर्ट अझारियननं 1956 आणि 1960 अशा सलग दोन ऑलिम्पिकमध्ये रिंगचं सुवर्ण मिळवलं, आणि क्रॉसच्या एका प्रकाराला आजही त्याचं नाव आहे. त्यामागं कित्येक वर्षांची सरळ हाताची मेहनत असते. सध्या त्या वाटेला जाऊच नका.

मसल-अप सहा महिन्यांत होईल का? मला 14 महिने लागले, त्यातले चार वाया गेले. तुमची सुरुवात चांगली आहे, पण महिने मोजू नका, हे मोजा: वळवलेल्या रिंगवर 30 सेकंद सपोर्ट, खांदा हाताच्या मुठीपर्यंत खाली नेऊन आठ डिप्स, आणि मनगटाच्या पकडीत 20 सेकंद लटकणं. या पकडीला फॉल्स ग्रिप म्हणतात. रिंग तळहातात न धरता करंगळीच्या बाजूनं मनगटाच्या हाडाखाली बसवायची, मनगट आत वाकवून. सुरुवातीला तिथली कातडी सोलवटते, कापडी टेप लावा. मसल-अपमध्ये ओढ संपून रेटा सुरू होतो त्या वळणावर मनगट आधीच रिंगच्या वर असावं लागतं, म्हणून ही पकड. या तिन्ही गोष्टी जमल्या की छातीपर्यंत खेचून कोपरं अंगाला घासत मागं न्यायची आणि डोकं पुढं घालायचं. झोका घेऊन वर जायची सवय लावू नका, खांदा दुखावतो.

सोलापूरच्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, संध्याकाळी सातलाही हवेत धग. मी मार्च उजाडला की पहाटे साडेपाचला जातो. लाकडी रिंग घेतल्यात ते उत्तम, घामात प्लास्टिकपेक्षा पकड बरी राहते. मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड थोडीच लावा. तळहाताचे घट्टे अंघोळीनंतर घासून सपाट ठेवा, उंच वाढू दिले तर एक दिवस कातडीसकट निघतात. जाडी 28 मिलीमीटर ही स्पर्धेतली. तुमच्याकडं 32 च्या आल्या असतील आणि हात लहान असेल तर बदलून घ्या, मनगटाची पकड 28 वर लवकर बसते.

पंख्याच्या हुकाला मुळीच टांगू नका. तो पंख्याच्या वजनासाठी असतो, तोललेल्या आणि हलणाऱ्या माणसासाठी नाही, आणि आत सळईला बांधलाय की नुसता सिमेंटात रोवलाय हे खालून कळत नाही. घरमालकाचं जुनं माळवदाचं घर असेल आणि सागाची तुळई धड असेल तर विचारून तिला पट्टा गुंडाळा. झाड असेल तर कडुलिंबाची किंवा चिंचेची, मांडीएवढी जाड, ओली फांदी बघा. शेवगा आणि जांभूळ नको, या फांद्या न सांगता मोडतात. कुठंही बांधलंत तरी पहिल्यांदा रिंग गुडघ्याच्या उंचीवर ठेवा, दोन्ही हातांनी धरून हळूहळू सगळं वजन टाका, मग दोन-चार हिसके द्या. बकलमधून पट्टा सरकतोय का बघा, त्यासाठी बकलपाशी पेनानं रेघ मारून ठेवा. खाली जुन्या चादरींची जाड वाकळ अंथरा आणि मगच वर चढा.