मुलाला युगांडाला मलेरियाच्या ट्रायलवर पाठवावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाची इंटर्नशिप संपलीय, युगांडात लहान मुलांच्या मलेरियावर चाललेल्या एका ट्रायलमध्ये, म्हणजे उपचारांच्या चाचणीत, वर्षभर काम करायची संधी आलीय, आणि सासरे म्हणतात, "गोरगरिबांच्या पोरांवर औषधं करून बघायला चाललाय." मुलाला त्यावर काही बोलता आलं नाही, म्हणून तुम्ही इथे विचारलंत. मी पुण्यात बरीच वर्षं एचआयव्ही आणि टीबीच्या ट्रायल्सवर को-ऑर्डिनेटर होते. हा प्रश्न मला पेशंटच्या घरच्यांनी विचारलाय, माझ्या घरच्यांनीही विचारलाय. माझं मत आधीच सांगते: पाठवा. पण आजोबांचा संशय उडवून लावू नका. त्यात तथ्य आहे, आणि मुलाने तो मनात ठेवूनच तिथे काम करावं.

आधी हे बघा, की अशा ठिकाणी ट्रायल केलीच नाही तर काय होतं. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं, धाप लागलेलं मूल आलं की शिरेतून भराभर सलाईन चढवायचं, असं जगभरच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं. श्रीमंत देशांत हे करताना शेजारी आयसीयू असतो, व्हेंटिलेटर असतो. आफ्रिकेतल्या साध्या वॉर्डात, मलेरियाने आणि रक्त कमी होऊन आलेल्या मुलाला त्याचा फायदा होतो का, हे कुणी नीट तपासलंच नव्हतं. कॅथरिन मेटलँड या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली ते तपासायला घेतलं. या ट्रायलचं नाव 'फीस्ट'. केनिया, टांझानिया आणि युगांडा मिळून सहा रुग्णालयं होती, त्यातली चार युगांडातली: मुलागो, एमबाले, सोरोटी आणि लाकोर. एकूण ३,१४१ मुलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया. दोन गटांना पहिल्या तासात भरपूर द्रव दिलं, एकाला साधं सलाईन, दुसऱ्याला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण. तिसऱ्या गटाला असं भराभर काही दिलं नाही. बाकी ऑक्सिजन, अँटिबायोटिक, मलेरियाचं औषध, लागेल तसं रक्त, हे तिन्ही गटांना सारखंच.

सलाईन दिलेली मुलं जास्त जगतील असंच सगळ्यांना वाटत होतं. जानेवारी २०११ मध्ये आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने मुलं घेणं थांबवायला सांगितलं. पहिल्या ४८ तासांतले मृत्यू द्रव दिलेल्या दोन गटांत १०.६ आणि १०.५ टक्के, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. म्हणजे दर शंभर मुलांमागे तीन मुलं जास्त दगावत होती, आणि तीही आपण चांगलं म्हणून देत असलेल्या उपचाराने. ही ट्रायल झाली नसती तर तिथल्या वॉर्डांत तेच चालू राहिलं असतं, कुणाला कळलंही नसतं. आजोबांना हे जरूर सांगा. पुस्तकातला उपचार न तपासता देणं हाही त्या पोरांवरचा प्रयोगच होता. फरक एवढाच की त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

यातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिसऱ्या गटातले मृत्यू धरलेल्या अंदाजापेक्षाही कमी होते. ट्रायलसाठी कर्मचाऱ्यांना गंभीर मूल दारातच ओळखायला शिकवलं होतं, ऑक्सिजन मोजायची आणि द्यायची सोय केली होती. चांगली ट्रायल वॉर्डही सुधारते. तुमच्या मुलाला याचा अनुभव पहिल्या महिन्यातच येईल.

आता आजोबांच्या बाजूने.

१९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या ट्रायलने दाखवलं की गरोदर एचआयव्हीबाधित बाईला आणि नंतर बाळाला एझेडटी हे एचआयव्हीचं औषध दिलं तर बाळाला लागण व्हायचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येतं. पण तो उपचार महाग, महिनोन्‌महिने चालणारा, आणि बाळंतपणात शिरेतून औषध द्यावं लागणारा. गरीब देशांना परवडेल असा छोटा कोर्स हवा होता. तो शोधताना आफ्रिकेत आणि थायलंडमध्ये अनेक ट्रायल्समध्ये काही बायकांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी दिली. १९९७ मध्ये यावरून मोठा वाद पेटला. टीकाकार म्हणाले, परिणामकारक औषध माहीत असताना हे अमेरिकेत कुणी करू दिलं असतं का? संशोधकांचं म्हणणं, या बायकांना एरवीही काहीच मिळत नाही, तेव्हा तुलना त्याच्याशीच हवी. मला विचाराल तर टीकाकारांचं बरोबर होतं. 'एरवी काहीच मिळत नाही' ही गरिबी आहे, ती कंट्रोल ग्रुपची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटाची, व्याख्या होऊ शकत नाही.

वादाचा परिणाम झाला. १९९८ च्या सुरुवातीला थायलंडमधून छोट्या कोर्सने लागण निम्म्यावर येते असा निकाल आला, आणि युगांडातच कंपालामध्ये चालू असलेल्या नेव्हिरापीन या दुसऱ्या एचआयव्हीच्या औषधाच्या ट्रायलमधला प्लासिबो गट बंद केला गेला. १९९९ मध्ये तिचा निकाल आला. बाळंतकळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला थोडं पातळ औषध, एवढ्याने तीन-साडेतीन महिन्यांच्या वयापर्यंत १३.१ टक्के बाळांना लागण झाली. एझेडटीच्या छोट्या कोर्समध्ये २५.१ टक्के. पुढे बाळाला ते औषध सहा आठवडे दिलं तर काय होतं, हे इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात तपासलं गेलं.

पण त्या आईचं काय? एका गोळीने बाळ वाचायचं, आईचा आजार तसाच राहायचा, वर तिच्या शरीरातला विषाणू अनेकदा त्या औषधाला दाद देईनासा व्हायचा. आईसाठी पूर्ण उपचार तेव्हा वर्षाला सुमारे १०,००० डॉलरचा. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचं मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं, तेव्हा कुठे हे दार किलकिलं झालं. शोध लागला की औषध आपोआप लोकांपर्यंत पोचतं, असं अजूनही नाही. टीबीचं बेडाक्विलीन घ्या. त्याच्या पेटंटची मुदत भारतात वाढवायला मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी हरकत घेतली. टीबीच्या जुन्या इंजेक्शनांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट ऑफिसने मुदतवाढ नाकारली. ज्यांच्या शरीरावर ट्रायल्स होतात त्यांनाच त्यातून आलेल्या औषधासाठी असं भांडावं लागतं, याचा मला अजून राग येतो.

रोजच्या कामात मुलाची खरी कसोटी कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीपत्रावर, लागेल. आमच्याकडे बायका फॉर्म समोर ठेवला की म्हणायच्या, "तुम्ही सांगाल तिथं अंगठा देते." मी पेन बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, तुमच्या बहिणीला सांगायचं झालं तर कसं सांगाल, ते मला सांगा. उत्तर बहुतेक वेळा यायचं, "हितं जास्त चांगली गोळी देणारेत." मग पुन्हा पहिल्यापासून: कुठली गोळी चांगली ते आम्हालाच माहीत नाही, कुणाला कुठली मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार, नाही म्हणालात तरी ओपीडीचे उपचार चालूच राहणार. यात कधी तास जायचा. पेशंट भरतीचं टार्गेट असतं तेव्हा हा तास पहिला कापला जातो. तुमच्या मुलावरही तसा दबाव येईल.

आणि पेशंटचं घर कसं आहे ते समजून घ्यायला लागतं. एचआयव्हीच्या ट्रायलमधल्या एका बाईच्या बाटलीत गोळ्यांवर कापूस दाबून भरलेला होता. घरात बाटली वाजू नये म्हणून. लेबल नखाने खरवडून काढलेलं. प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, तिच्यासाठी 'गोळ्या मोजा' एवढंच लिहिलेलं होतं. आम्ही तिला साधी, न वाजणारी पाकिटं दिली, तेव्हा तिच्या गोळ्या चुकेनाशा झाल्या.

मुलाने होकार कळवण्याआधी तिथल्या प्रमुखांना सरळ विचारावं. नवा उपचार न मिळणाऱ्या गटातल्या मुलांना नेमकं काय मिळतं? युगांडातल्या एथिक्स कमिटीची, म्हणजे पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची, मंजुरी आहे ना, की फक्त परदेशातल्या विद्यापीठाची? ट्रायलमधल्या एखाद्या पेशंट मुलाला त्यामुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च आणि भरपाई कोण देणार? औषध लागू पडलं तर ते तिथल्या दवाखान्यात कसं येणार, त्याबद्दल लेखी काही आहे का? रक्ताचे नमुने देशाबाहेर जाणार असतील तर पालकांना ते सांगितलंय का? आणि तिथल्या डॉक्टर-नर्सची नावं शोधनिबंधावर असतात का? नीट चाललेल्या ट्रायलमध्ये या प्रश्नांनी कुणी चिडत नाही, उलट प्रोटोकॉल काढून दाखवतात. टाळाटाळ झाली तर दुसरी संधी बघावी, अशा कामाला माणसं कायम हवी असतात.

कराराचा मसुदा आला की नावं झाकून इन्शुरन्स आणि भरपाईचा भाग मला पाठवा, मी वाचून सांगते. आणि युगांडासाठी पिवळ्या तापाची लस लागते. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी तिची तारीख घ्या. कार्ड जपून ठेवायला सांगा, परत येताना आपल्या विमानतळावरही ते मागतात.