ईसीजी नॉर्मल, मग बीपी का उतरत नाही?

प्रश्न : सासूबाई ६४ वर्षांच्या. डायबेटिस १५ वर्षांचा, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक वर्षभर जवळजवळ रोज घेतात. बीपी १६०/९०च्या खाली येत नाही, क्रिएटिनिन १.६ आहे. गेल्या महिन्यात ईसीजी नॉर्मल आला, तेव्हापासून ‘माझं हृदय ठणठणीत आहे’ म्हणून कुणाचं ऐकत नाहीत. आम्ही मात्र लो सोडियम मीठ सुरू केलंय. बरोबर केलं ना?
– एक सून, कराड

उत्तर : ताई, आधी ते मीठ बंद करा. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. क्रिएटिनिन १.६ म्हणजे किडनी कमजोर, त्यात टेल्मिसार्टन, तेही पोटॅशियम अडवून ठेवतं. अशा वेळी पोटॅशियम रक्तात साठतं आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साधंच मीठ वापरा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम चमचाभर. लोणचं-पापड त्यातच धरायचं. (सैंधवाचं विचारणारी पत्रं येतीलच, म्हणून सांगून टाकतो : तेही मीठच.)

बीपी हटून बसलंय त्यात त्या गुडघ्याच्या गोळीचा मोठा हात असावा. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपीच्या औषधाचा जोर घालवते, किडनीला त्रास देते आणि हार्ट अटॅकचा धोकाही वाढवते. डॉक्टरांकडे जाताना रिकामं पाकीट सोबत न्या. ‘बाकी काय घेता?’ विचारलं की ही गोळी कुणी सांगतच नाही, ती औषधात धरलीच जात नाही! गुडघ्यांसाठी दुसरा उपाय तेच सुचवतील.

राहिला ईसीजी. तो काढला त्या दहा सेकंदांपुरता. रक्तवाहिन्या आतून किती अरुंद झाल्यात, हे त्यात दिसत नाही. माझ्याकडे एक मावशी ‘पित्त झालंय’ म्हणून आल्या होत्या. छातीत कळ नाही, नुसता घाम आणि पदर सावरतानाही दम. ईसीजी काढला तर अटॅक येऊन गेलेला. जुन्या डायबेटिसमध्ये नसा बधिर होतात, कळ कळतच नाही. सासूबाईंना अचानक दम लागला, गार घाम सुटला, तर पित्ताचं औषध देत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

लघवीतल्या अल्ब्युमिनची (किडनीतून गळणाऱ्या प्रथिनाची) तपासणी झाली नसेल तर करून घ्या, स्टॅटिनबद्दलही, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दलही विचारा. पोटॅशियम मात्र उद्याच तपासा.