बॅटमॅनची मर्डर मिस्ट्री वाचायचीय, आधीचे कॉमिक्स वाचलेले नसतील तर कुठली घेऊ?
सरळ 'द लाँग हॅलोविन' घ्या, आधीचं काहीच वाचलेलं नसलं तरी चालतं कारण ही बॅटमॅनच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट आहे आणि १३ अंकांत पूर्ण होते. लेखक जेफ लोब आणि चित्रकार टिम सेलची १९९६-९७ ची मालिका, बॅटमॅनच्या गॉथम शहरात एक खुनी सणासुदीचा दिवस गाठून माणसं मारत सुटतो, बहुतेक फाल्कोनी टोळीशी संबंधित, आणि बॅटमॅन, पोलीस अधिकारी गॉर्डन, सरकारी वकील हार्वी डेंट तिघं त्याच्या मागावर. मी दोनदा वाचलीय, दुसऱ्यांदा डेंटच्या घरातले साधे प्रसंगसुद्धा वेगळेच दिसतात, सुंदर लिहिलंय ते. फक्त एक, खुनी कोण याचं एकच पक्कं उत्तर हवं असेल तर शेवट थोडा खटकेल, तिथे मुद्दाम शंका ठेवलीय.