राजीनामा की कपात?

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी २२ वर्षे स्टोअरकीपर आहे. ‘तुमचे पद रद्द झाले, राजीनाम्यावर सही करा,’ असे एचआरवाले म्हणतात. काय करावे?

उत्तर : सही मुळीच करू नका, कारण राजीनामा दिला की ती कपात (म्हणजे मालकाने कामगाराला नोकरीवरून कमी करणे) ठरत नाही आणि भरपाईचा हक्क हातचा जातो. आपण कायद्याने ‘कामगार’ असाल (हे कामाच्या स्वरूपावरून ठरते, पदनामावरून नव्हे), तर किमान एका महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन, म्हणजे आपल्या बाबतीत ३३० दिवसांचे, कपातीच्या वेळीच मिळायला हवे. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. आपल्याच वर्गातला, आपल्यानंतर लागलेला कामगार कामावर ठेवला असेल, तर आपल्यालाच आधी का काढले, याचे कारण लेखी मागा.