सूर्याभोवतीचे खळे आतून तांबडे का?

प्रश्न : एप्रिलमध्ये भर दुपारी सूर्याभोवती मोठे कडे दिसले. त्याची आतली कड तांबूस होती आणि बाहेरच्या बाजूस ते पांढुरके होत गेले होते. हे इंद्रधनुष्यच का? आणि तांबडा रंग आतच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण पाहिले ते इंद्रधनुष्य नव्हे, खळे होते. संस्कृतात त्याला परिवेष म्हणतात आणि वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. इंद्रधनुष्य सूर्याच्या विरुद्ध दिशेला, पाण्याच्या थेंबांमुळे दिसते; खळे सूर्याभोवतीच पडते आणि ते बर्फाचे काम असते. एप्रिलच्या उन्हात बर्फ कुठला, असे वाटेल. पण नाशिकमध्ये अंगाची काहिली होत असली तरी डोक्यावर दहा किलोमीटरवर तापमान शून्याखाली ३० अंशांच्या आसपास असते. तेथील सिरोस्ट्रेटस ढगांचा पातळ पापुद्रा बर्फाच्या सूक्ष्म षट्कोनी स्फटिकांचा असतो.

षट्कोनाची एक बाजू सोडून पुढची बाजू घेतली, तर त्या दोन पृष्ठांत ६० अंशांचा कोन होतो, म्हणजे प्रत्येक स्फटिक एक लोलकच ठरतो. अशा लोलकातून जाणारा किरण सुमारे २२ अंशांपेक्षा कमी वळूच शकत नाही. स्फटिक हवेत वेडेवाकडे तरंगत असल्याने काही किरण त्याहून पुष्कळ जास्त वळतात, परंतु बहुतेकांची गर्दी या किमान कोनाजवळच होते. म्हणूनच कड्याच्या आतील आकाश काळवंडलेले दिसते आणि आतली कड रेखीव असते.

तांबडा प्रकाश सर्वांत कमी, सुमारे साडेएकवीस अंश वळतो. त्यामुळे अगदी आतल्या कडेवर तो एकटाच पोहोचतो. पिवळा, हिरवा, निळा हे पुढे क्रमाने सुरू होतात खरे, पण तोवर अधिक वळलेला तांबडा प्रकाशही तेथे येऊन मिसळलेला असतो. शिवाय सूर्याची तबकडी स्वतःच अर्धा अंश रुंद असल्याने हे रंग एकमेकांवर पसरतात आणि निळ्याच्या जागी बहुधा पांढुरकेपणाच उरतो.

पुन्हा असे कडे दिसल्यास सूर्य एखाद्या इमारतीआड धरावा आणि हात लांब करून वीत पसरावी. अंगठा सूर्याच्या जागी ठेवल्यास करंगळीचे टोक साधारण कड्यावर येते. चंद्रालगत दिसणारे चिमुकले रंगीत वलय मात्र निराळे. ते बहुधा पाण्याच्या बारीक थेंबांचे असते आणि त्यात तांबडा रंग बाहेर असतो.