बेसबॉलमध्ये सतत संघ बदलणाऱ्या रिलीफ पिचरची (बदली म्हणून चेंडू फेकणाऱ्याची) कारकीर्द कशी असते?
याचे ठळक उदाहरण म्हणजे डोमिनिकन रिपब्लिकचे ऑक्टाव्हियो डोटेल. मूळ पिचर थकल्यावर एखाद-दुसऱ्या डावापुरता चेंडू हाती घेणारे डोटेल १९९९ ते २०१३ या काळात मेजर लीग या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च बेसबॉल लीगच्या तब्बल १३ संघांकडून खेळले; २०१० च्या एकाच हंगामात पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस आणि कोलोरॅडो असे तीन गणवेश त्यांनी अंगावर चढवले. २००३ मध्ये ह्यूस्टनच्या सहा पिचरांनी मिळून यांकीज संघाला एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) घेऊ दिली नाही, त्या सामन्यात त्यांनी एकाच डावात चौघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले (एरवी तिघे बाद झाले की डाव संपतो, पण तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू फलंदाजामागच्या कॅचरच्या हातून निसटल्यास फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचू शकतो, म्हणून चौघे). २००५ मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया होऊनही त्यांना मागणी राहिली आणि २०११ मध्ये सेंट लुइसकडून त्यांनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. इतक्या संघांना हवासा वाटलेला खेळाडू माझ्या मते दुय्यम ठरत नाही.