खाऱ्या पाण्याचा टँक : आधी खर्च कशावर?

समुद्री टँक आणि कोरल (प्रवाळ) यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच असा टँक करून घेणार आहे. दुकानदाराने सम्प (टँकखालची दुसरी टाकी), स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), लाइट, हिटर, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), यूव्ही (जंतू मारणारा दिवा), डोसिंग पंप (क्षार थोडेथोडे घालणारा) आणि कंट्रोलर अशी यादी हातात दिली. एकदम एवढा खर्च झेपणार नाही. पहिल्या दिवशी काय हवंच?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : या यादीत दोन सर्वांत गरजेच्या वस्तू नाहीतच. एक, आरओ-डीआय युनिट, म्हणजे पाण्यातले क्षार पूर्ण काढणारं यंत्र. दुसरी, खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. बाकी काही पुढे ढकललंत तरी चालेल, या दोन्ही पहिल्या दिवशी घरात हव्यात.

तुमच्या टँकचं माप सुमारे १९० लिटर भरतं. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की १५० लिटर पाणी उरतं. सम्पमधलं ५० धरलं तर एकूण २००. खारेपणा हजारी ३५ (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ ठेवायचं, त्यासाठी लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम रीफ सॉल्ट (कोरलच्या टँकसाठीचं तयार मीठ) लागतं. पहिल्या भरणीला साधारण साडेसात किलो, आणि नंतर दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलायला पाऊण किलो. महिन्याचा हिशेब याच आकड्यावरून करा. रिफ्रॅक्टोमीटर हजारी ३५ च्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य जुळवला तरी ३५ ला तो चुकू शकतो. काटा हलणारं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर घेऊ नका. काट्याला बुडबुडे चिकटले की ते खारेपणा जास्त दाखवतं.

त्यानंतर येतो पाण्याचा प्रवाह. कोरलला पाय नाहीत; अन्न आणि प्राणवायू त्याच्यापर्यंत पाण्यानेच पोचायचा आणि घाणही पाण्यानेच वाहून न्यायची. मऊ कोरलसाठी तासाला टँकच्या १५ ते २० पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे तुमच्याकडे तासाला २,२५० ते ३,००० लिटर. एकच मोठा वेव्हमेकर (टँकमध्ये पाणी ढकलणारा पंप) लावण्यापेक्षा दोन लहान समोरासमोर लावा, कोपऱ्यात घाण साचत नाही. सम्पचा रिटर्न पंप (पाणी परत टँकमध्ये चढवणारा) तासाला ६०० ते ८०० लिटरचा पुरे.

लाइट रीफचाच, म्हणजे कोरलच्या टँकसाठीचा घ्या, निळ्या प्रकाशावर भर असलेला. साध्या पांढऱ्या एलईडीवर शेवाळ माजतं आणि कोरल फिकी पडतात. मशरूम, झोअँथस, लेदर या मऊ कोरलना ५० ते १५० पार (कोरलला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतो. दोनशेच्या वरचा पार मागणाऱ्या कोरलच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका.

स्किमरची घाई नको. पहिल्या महिन्यात पाण्यात गाळून काढण्यासारखं काही नसतं. मासे तीनच्या वर जायच्या आत तो घ्या, पण सम्पमध्ये त्याची जागा आत्ताच सोडा, आणि पाण्याची पातळी कायम राहील अशा कप्प्यात सोडा. पातळी खालीवर झाली की स्किमर कधी नुसतं पाणी ओततो, कधी फेसच काढत नाही.

यूव्ही, डोसिंग पंप आणि कंट्रोलर यादीतून खोडून टाका. मऊ कोरल असताना दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) भरून निघते. दगडी कोरल वाढून अल्कलिनिटी रोज अर्धा डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) उतरू लागली, की डोसिंग पंपाचा विचार करा.

हिटर डिसेंबर-जानेवारीपुरता, किंवा टँक एसीच्या बेडरूममध्ये असेल तर. १०० वॅटचा पुरे, पण वेगळ्या थर्मोस्टॅटवर लावा. हिटरचा आतला थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला, तर एका रात्रीत सगळा टँक उकडून निघतो.

टेस्ट किट अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि अल्कलिनिटी ही चार. मासे आणण्याआधी त्यांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवायचे असतात. त्यासाठी अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाखांत २ भाग) न्या, बाटलीतले जिवाणू घाला, लाइट बंद ठेवा. चार ते सहा आठवडे लागतात. घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आलं, की एक चतुर्थांश पाणी बदला आणि क्लाउनफिशची जोडी सोडा. फक्त जोडी.

प्रश्न : घरच्या आरओचं पाणी ६० टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) दाखवतं. ते चालेल का? उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो. नाहीतर खाडीचं पाणी गाळून वापरावं का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : खाडीचं नको. ठाणे खाडीत सांडपाणी उतरतं आणि पावसाळ्यात खारेपणा इतका कोसळतो की दोन फेऱ्यांचं पाणी सारखं मिळायचं नाही.

घरच्या आरओत मेम्ब्रेननंतर मिनरल कार्ट्रिज असतं, किंवा टीडीएस कंट्रोलरने थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळलं जातं, प्यायला चव यावी म्हणून. तुमचे ६० बहुधा तिथून येतात. मेकॅनिकला सांगून मेम्ब्रेनच्या लगेच पुढे टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घ्या आणि तिथून निघालेलं पाणी डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार शोषणाऱ्या) कार्ट्रिजमधून काढा. टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. आठ-दहा दिसू लागले की रेझिन संपलं. त्यावर ताणत बसलात तर सिलिकेट आणि फॉस्फेट टँकमध्ये उतरतात. काचेवर तपकिरी थर चढतो, मग हिरवं शेवाळ येतं, आणि दोष बिचाऱ्या लाइटला दिला जातो.

टँकरचं पाणी बोअरचं असेल तर टीडीएस सातशे-नऊशे असू शकतो. मेम्ब्रेन त्यातले नव्वद-पंच्याण्णव टक्के काढतं, उरलेले पस्तीस-नव्वद रेझिनच्या माथी. रेझिन झपाट्याने संपतं. म्हणून नळाचं पाणी येतं त्या दिवशी १०० लिटर बनवून झाकणाच्या फूड ग्रेड ड्रममध्ये साठवा.

मीठ कालवताना आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत तर कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो, तो पुन्हा विरघळत नाही. छोटा पंप लावून रात्रभर फिरवा आणि सकाळी मोजा. माशांच्या टँकमध्ये मीठ थेट कधीही टाकू नका.

आणि रोज उडून जाणारं पाणी भरून काढताना गोडं आरओ-डीआयचंच घाला. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. खारं पाणी घालत गेलात तर महिन्याभरात खारेपणा चाळिशीकडे सरकतो. ऑटो टॉप-अप चैनीची वस्तू वाटते, पण सुट्टीत गावाला जाणाऱ्यांनी स्किमरच्याही आधी तो घ्यावा.

प्रश्न : मे महिन्यात पाणी ३१ अंशांवर गेलं. पंखे लावून भागेल की चिलरच घ्यावा लागेल?
— एक वाचक, खारघर

उत्तर : पंख्याची ताकद बाष्पीभवनात आहे. एक लिटर पाणी उडून जाताना जी उष्णता नेतं, तेवढी १५० लिटर पाणी जवळपास ४ अंशांनी उतरवायला पुरेल. कोरड्या हवेत म्हणूनच पंखा कमाल करतो. आपल्याकडे अडचण दमटपणाची. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओल्या फडक्याचं तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने गाठता येणारं सर्वांत कमी तापमान, २८ च्या आसपास थांबतं. त्याखाली कोणताही पंखा पाणी नेऊ शकत नाही. प्रत्यक्षात पाणी २९ वर अडकतं. मासे तेवढ्यात तगतात, कोरल मात्र तीव्र प्रकाशाखाली काही आठवड्यांत रंग टाकू लागतात.

तेव्हा चिलर घ्या. १/१० एचपी कागदावर २०० लिटरला पुरतो, पण कंपनीच्या तक्त्यात खोलीचं तापमान किती धरलंय ते आधी वाचा. २५ धरलं असेल तर आपल्या मेमध्ये तो दिवसभर धापा टाकेल. एक आकार मोठा घ्या. पाणी २५ वर आणायचा हट्ट नको, उन्हाळ्यात २७ वर लावा. वीज वाचते आणि कोरलला चढउतार त्रास देतो, स्थिर २७ नव्हे. चिलर स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका. त्याची गरम हवा परत त्यालाच मिळते, तो बंद होत नाही आणि बिल मात्र चढतं. मागेपुढे फूटभर मोकळी जागा हवी.

चिलर येईपर्यंत लाइटचे तास कमी करा, वेव्हमेकरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो.

प्रश्न : मालवणला जाणार आहोत. किनाऱ्यावरचे कोरलचे तुकडे, खडक आणले तर चालतील का?
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : नाही. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्री पंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला सुका तुकडाही त्यात येतो. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सुका कृत्रिम किंवा सिरॅमिक रॉक घ्या, ३ फुटी टँकला १५ ते २० किलो. जिवाणू त्यावरही वसतात, वेळ थोडा जास्त लागतो. झोअँथस हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा घालाच, आणि ते चिकटलेला खडक उकळून साफ करायला जाऊ नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं, ते वाफेबरोबर श्वासात जातं.

प्रश्न : पाचव्या मजल्यावर ३ फुटी टँकचं वजन पेलेल का? आणि वीज गेली तर?
— एक वाचक, वागळे इस्टेट

उत्तर : पाणी, खडक, वाळू, काच, स्टँड आणि सम्प मिळून ३०० किलोच्या पुढे जातं. घराच्या खोल्यांसाठी स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो भाराला धरून बांधतात, पण तो संपूर्ण जमिनीवर पसरलेला. तुमचा भार अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर येतो. म्हणून टँक खोलीच्या मधोमध नको. भिंतीला लागून, बीमच्या वर ठेवा आणि स्टँडखाली पूर्ण लांबीचा प्लाय घाला म्हणजे भार पायांवर टोचणार नाही. इमारत जुनी असेल, स्लॅबला भेगा किंवा गळती असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

वीज गेल्यावर पहिला धोका गुदमरण्याचा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त एक वेव्हमेकर ठेवा; १० वॅटचा पंप रात्रभर सहज चालतो. नसेल तर बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप घ्या. चिलर इन्व्हर्टरला जोडू नका.

दुसरा धोका पुराचा. रिटर्न पंप थांबला की पाइपातून पाणी उलटं सम्पमध्ये येतं. पाइपाच्या तोंडाजवळ, पाण्याच्या पातळीखाली जेमतेम सेंटीमीटरभर एक भोक पाडा म्हणजे ते उघडं पडून हवा आत शिरेल आणि सायफन (पाणी उलटं ओढलं जाणं) तुटेल. मासे आणण्याआधी मुद्दाम पंपाचा स्विच बंद करून दहा मिनिटं थांबा आणि सम्प किती भरतो त्यावर पेनने रेघ मारा. सगळं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) घ्या, आणि प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी एकदा खाली झुकेल अशी सोडा. तिच्यावरून ओघळणारं खारं पाणी मग प्लगमध्ये न जाता जमिनीवर ठिबकतं.